सेवा केंद्रांतील जुने ब्राउझर आणि रखडलेल्या दुरुस्त्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खरीप पीक विम्याची मुदत संपत आली की ‘सर्व्हर डाऊन, शेतकरी ताटकळले’ ही बातमी दरवर्षी वाचायला मिळते आणि ती खरीच असते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सेवा केंद्रांसमोर पहाटेपासून चपला रांगेत लावलेल्या असतात, सातबारा, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन माणसे पावसात उभी असतात, आणि दिवसा पोर्टल चालत नाही म्हणून केंद्रचालक रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अर्ज भरत बसतात. त्याच वेळी त्यांच्या पडद्यावर, ब्राउझरच्या (संकेतस्थळे उघडणाऱ्या क्रोमसारख्या प्रोग्रामच्या) उजव्या कोपऱ्यात, अपडेटची एक लहानशी खूण कित्येक दिवसांपासून लाल होऊन बसलेली असते. तिच्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. हे पत्र त्या खुणेविषयी आहे.

मी परभणी जिल्ह्यात एकोणीस वर्षांपासून संगणक दुरुस्तीचे काम करतो. सेवा केंद्रे, पतसंस्था, शाळा, वकिलांची कार्यालये, मोंढ्यातील आडत दुकाने अशा सगळ्या ठिकाणी माझे जाणे-येणे असते. शेजारच्या हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांतही कामानिमित्त फिरणे होते आणि तिथेही थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते.

गेल्या वर्षीच्या खरिपातील एक प्रसंग आधी सांगतो. आमच्या तालुक्यातील एका केंद्रचालकाचा मला रात्री साडेदहाला फोन आला. त्याच्या आयडीवरून त्याने न भरलेले अर्ज भरले गेले होते, तो आयडी चौकशीसाठी बंद करण्यात आला होता, आणि सकाळी रांगेत येणाऱ्या शंभरएक लोकांना काय तोंड दाखवावे हे त्याला कळत नव्हते. ‘दादा, म्या कोणालाच ओटीपी देल्ला नाही,’ हे एकच वाक्य तो परत परत बोलत होता. सकाळी जाऊन पाहिले तर संगणकावर विंडोज ७ होती आणि क्रोमची १०९ क्रमांकाची, म्हणजे जानेवारी २०२३ मधील, आवृत्ती होती. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची ती शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ पासून पुढच्या प्रत्येक आवृत्तीला किमान विंडोज १० लागते. ब्राउझर उघडला की वरच्या कडेला एक पट्टी येत होती आणि पुढील अपडेट हवे असल्यास नवी विंडोज लागेल, असे तिच्यावर इंग्रजीत लिहिलेले होते. तो रोज सकाळी दुकान उघडून, उदबत्ती लावून, त्या पट्टीवरच्या फुलीवर क्लिक करीत असे आणि कामाला लागत असे. हे त्याने मला स्वतः करून दाखवले.

त्या मशीनमध्ये, त्याने कधीही न टाकलेला, संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारा एक प्रोग्राम मला सापडला. तो नेमका कोणत्या पानावरून आला, हे इतक्या दिवसांनी शोधून काढणे शक्य नव्हते. परंतु ब्राउझरमधील भेटींची यादी पाहिली तेव्हा वाट कुठून मोकळी होती, हे लक्षात आले. शिष्यवृत्तीच्या आणि नोकरभरतीच्या अर्जांना फोटो पन्नास केबीच्या आत आणि सही वीस केबीच्या आत लागते. त्यासाठी आमचे केंद्रचालक दिवसातून तीस-चाळीस वेळा ‘फोटोचा आकार कमी करा’, ‘पीडीएफ लहान करा’ अशी फुकटची संकेतस्थळे उघडतात. ही पाने जाहिरातींनी भरलेली असतात आणि त्या जाहिराती कुठून येतात, हे पान चालवणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. दोन वर्षे दुरुस्ती न झालेल्या ब्राउझरमधून अशी पाने उघडणे म्हणजे कडी-कोयंडा तुटलेल्या घरात गल्ल्याची पेटी ठेवून जत्रेला जाण्यासारखे आहे.

त्याने ओटीपी कोणाला दिला नाही, हे त्याचे म्हणणे खरे होते आणि नेमकी हीच बाब लोकांना समजावून सांगणे अवघड जाते. आपण आयडी, पासवर्ड आणि ओटीपी टाकून एकदा आत गेलो की पोर्टल आपल्या ब्राउझरकडे एक लहानशी ओळख-नोंद ठेवायला देते. तिला कुकी म्हणतात. पुढच्या प्रत्येक पानावर ब्राउझर ती नोंद दाखवतो, म्हणून पुन्हा पुन्हा ओटीपी मागितला जात नाही. यात्रेत दर्शनाचा पास एकदा हाती पडला की पुढच्या दारावर नाव-गाव विचारत नाहीत, फक्त पास पाहतात, तसाच हा प्रकार आहे. तो पासच कोणी उचलून नेला, तर त्याला तुमचा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. संगणकात शिरलेला प्रोग्राम सर्वांत आधी याच नोंदी आणि ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड गोळा करतो. सेवा केंद्राच्या ब्राउझरमध्ये एका माणसाचे नव्हे, तर आजूबाजूच्या दहा-पंधरा गावांचे आधार, बँक खाते, जमिनीचा गट क्रमांक आणि जातीचा दाखला असतो. म्हणून हा प्रश्न एकट्या केंद्रचालकाच्या निष्काळजीपणाचा समजून सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

ब्राउझरमध्ये त्रुटी राहतातच कशा, असे लोक विचारतात. ब्राउझर हा आता कोट्यवधी ओळींचा प्रोग्राम झाला आहे. तो चित्रे उलगडतो, व्हिडिओ चालवतो, अक्षरे मांडतो आणि कोणत्याही अनोळखी संकेतस्थळाने पाठवलेला कोड आपल्या संगणकावर चालवतो. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये आपल्या गंभीर सुरक्षा त्रुटींचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी संगणकाच्या स्मृतीची (मेमरीची) जागा हाताळण्यातील चुकांच्या निघाल्या. त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आपल्याकडच्या शेतकऱ्याला सहज कळेल असा आहे. एखाद्याने जमीन विकली, खरेदीखत झाले, पण फेरफार झाला नाही आणि सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव राहिले, तर त्या उताऱ्यावर भलताच माणूस कर्ज उचलू शकतो. ब्राउझरमध्येही काम संपलेली स्मृतीतील जागा मोकळी केली जाते, परंतु प्रोग्रामच्या दुसऱ्या एखाद्या कोपऱ्यात त्या जागेचा जुना पत्ता तसाच शिल्लक राहतो. हल्लेखोर त्या मोकळ्या जागेत आपला मजकूर नेऊन बसवतो आणि ब्राउझर जुन्या पत्त्यावर विसंबून तो आपलाच समजून वापरतो. चूक एका ओळीची असते, पण तिच्यातून संगणकाचा ताबा जाऊ शकतो.

‘मी कुठल्याच घाण साईटवर जात नाही, अनोळखी लिंक उघडत नाही, मग मला काय भीती?’ असे मला जवळजवळ प्रत्येक ग्राहक सांगतो. त्यांना मी सप्टेंबर २०२३ ची गोष्ट सांगतो. वेबपी नावाच्या प्रकारातील चित्रे उलगडणाऱ्या एका सामाईक कोडमध्ये त्रुटी सापडली. अ‍ॅपलचे सुरक्षा पथक आणि टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब यांनी ती कळवली, गुगलने ११ सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती दिली आणि दुसऱ्याच दिवशी मोझिलाने आपल्या फायरफॉक्स या ब्राउझरची दिली. तोच कोड मायक्रोसॉफ्टच्या एज, ब्रेव्ह अशा इतर ब्राउझरमध्ये आणि ब्राउझर नसलेल्या कित्येक प्रोग्राममध्येही होता. घातक रीतीने बनवलेले एक चित्र पडद्यावर उलगडले जाणे एवढेच पुरेसे होते. क्लिक करण्याची, काही उतरवण्याची, ‘होय’ म्हणण्याची गरज नव्हती. आणि ही त्रुटी दुरुस्ती येण्याआधीपासूनच प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात असल्याचे गुगलने त्याच दिवशी मान्य केले होते. माणसाने कितीही जपून वागायचे ठरवले, तरी पानावरचे चित्र न पाहता पान कसे उघडणार?

अशा वेळी कंपन्या किती घाई करतात, हेही सांगण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने फायरफॉक्समधील, प्रत्यक्ष वापरात असलेली त्रुटी मोझिलाला कळवली, तेव्हा मोझिलाने सुमारे २५ तासांत दुरुस्ती तयार करून जगभर पाठवली. क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षा दुरुस्त्या दर आठवड्याला देण्यास सुरुवात केली आणि त्यामागचे कारण आपण सर्वांनी नीट समजून घेण्याजोगे आहे. क्रोमियमचा कोड सर्वांसाठी खुला असतो. त्रुटी दुरुस्त करणारा बदल त्या कोडमध्ये नोंदवला गेला की तो जसा सज्जनांना दिसतो तसाच दुर्जनांनाही दिसतो. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी-शेजारी ठेवून, नेमके काय बदलले हे पाहिले की भोक कुठे होते ते उमगते. बदल नोंदवल्यापासून तो लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत पूर्वी सरासरी पंधरा दिवस जात, ते अंतर कमी करण्यासाठी गुगलने हा आठवड्याचा क्रम लावला. दुरुस्ती जाहीर होणे ही एका अर्थी दवंडीच असते. अमुक बनावटीचे कुलूप खिळ्याने उघडते, अशी दवंडी गावात पिटली गेली की शहाणा माणूस त्याच दिवशी कुलूप बदलतो, कारण ती दवंडी चोरानेही ऐकलेली असते. म्हणून दुरुस्ती आल्यानंतरचे दिवस, ती न लावणाऱ्यासाठी, आधीच्या दिवसांपेक्षा अधिक धोक्याचे असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने जगभरातील संगणक कुलूपबंद केले, तेव्हा त्या विंडोज त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच देऊन ठेवलेली होती, म्हणजे दोन महिने आधी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दुरुस्ती पोहोचत नाही असे नाही. ती पोहोचते, पण लागू होत नाही. क्रोम आणि एज नवी आवृत्ती मागच्या मागे उतरवून घेतात, परंतु ती वापरात येते ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडल्यावरच. तोपर्यंत जुनाच ब्राउझर, जुन्याच त्रुटींसह, चालू राहतो. उजव्या कोपऱ्यातील खूण हेच सांगत असते: दुरुस्ती नुकतीच आली असेल तर ती हिरवी असते, चार-एक दिवस झाले की नारिंगी होते आणि आठवडा उलटला की लाल. आमच्या भागात ब्राउझर बंद होतच नाहीत. केंद्रचालकाच्या समोर चौदा-पंधरा टॅब उघडे असतात; एकात विमा, एकात महाडीबीटी, एकात दाखल्यांचे पोर्टल. दिवसभर खटपट करून मिळालेले लॉगिन ब्राउझर बंद केल्यावर जाईल, पुन्हा अंगठा लावावा लागेल, पुन्हा ओटीपीची वाट पाहावी लागेल, आणि तेवढ्यात पोर्टल पुन्हा बसले तर रांगेतील माणसे अंगावर येतील, ही भीती खोटी नाही. त्यामुळे मी त्यांना आळशी म्हणणार नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी भारनियमनाच्या काळात संगणक दिवसातून दोनदा तरी बंद पडत असे आणि त्या निमित्ताने ब्राउझरही नव्याने सुरू होई. आता घरोघर इन्व्हर्टर आले आहेत, रात्री जाताना फक्त पडद्याचे बटण दाबण्याची पद्धत पडली आहे, आणि महिना-महिना एकच ब्राउझर अखंड चालू असलेली मशीन मी पाहिली आहेत.

मोबाइलचे कारण वेगळे आहे. बहुतेक फोनमध्ये प्ले स्टोअरचे आपोआप अपडेट ‘फक्त वायफायवर’ असे ठेवलेले असते. छत्रपती संभाजीनगरमधील बंगल्यात वायफाय असते. जिंतूर किंवा कळमनुरी तालुक्यातील वस्तीवर कुठून असणार? तिथे सगळा कारभार दिवसाला ठरावीक डेटा देणाऱ्या पॅकवर चालतो आणि फोनमधील क्रोम, तसेच इतर अ‍ॅप आपल्या पोटात संकेतस्थळे दाखवण्यासाठी ज्याचा आधार घेतात तो अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू, फोन विकत घेतला त्या दिवशी जसा होता तसाच राहतो. प्ले स्टोअरमध्ये जाऊन ही दोन नावे आठवड्यातून एकदा हाताने अपडेट केली, तर एका दिवसाच्या पॅकमधला थोडाच डेटा जातो. माझ्या माहितीतील शाळकरी मुलांना हे एकदा दाखवले की ती घरातील सगळ्यांचे फोन करून देतात.

आमच्या व्यवसायाचा दोषही इथे सांगितला पाहिजे. मशीन फॉरमॅट मारून देताना अपडेट बंद करून देणे, ही आमच्याकडे वर्षानुवर्षे एक सेवाच समजली गेली. अपडेटने नेट संपते, मशीन मध्येच बंद होते, अशी ग्राहकाची तक्रार नको म्हणून आम्ही ते बंद करीत होतो. मी स्वतः कित्येक मशीनवर हे केलेले आहे आणि आज त्याचा मला खेद होतो. परवाना नसलेली विंडोज टाकून देणे हाही त्यातलाच प्रकार. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला; नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने पुढील एका वर्षाच्या सुरक्षा दुरुस्त्या देऊ केल्या आहेत, परंतु ही नोंदणी करून देणारे दुरुस्तीवाले मला फारसे भेटलेले नाहीत. माझ्या सहव्यावसायिकांना विनंती आहे की, निदान ब्राउझरचे अपडेट बंद असलेले मशीन ग्राहकाच्या हाती देऊ नये. शाळांमधील जुन्या संगणकांवर नवी विंडोज चालत नसेल, तर सी-डॅकने विकसित केलेल्या बॉस लिनक्ससारख्या विनामूल्य प्रणालीवर अद्ययावत फायरफॉक्स उत्तम चालतो. मुलांच्या कामाला तेवढे पुरते.

दुसरी अडचण पोर्टलकडून येते. काही जुनी शासकीय आणि बँकांची पोर्टल ठरावीक जुन्या ब्राउझरवरच चालत असत, काहींना अंगठ्याच्या यंत्राचे किंवा डिजिटल सहीच्या टोकनचे जुने सॉफ्टवेअर लागत असे, आणि ‘अपडेट केले की अंगठा घेत नाही’ हा अनुभव केंद्रचालकांच्या मनात पक्का बसलेला आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला, तरी त्यानंतरही तो सुरू करून देण्यासाठी मला कार्यालयांतून बोलावणी आली. एखादे पोर्टल चालण्यासाठी नागरिकाला असुरक्षित ब्राउझर वापरावा लागत असेल, तर चूक पोर्टलची आहे. दर नव्या आवृत्तीवर आपले पोर्टल आणि अंगठ्याचे यंत्र चालते की नाही, हे ती आवृत्ती लोकांपर्यंत पोहोचण्याआधी तपासण्याची सोय सर्व ब्राउझर कंपन्या चाचणी आवृत्त्यांच्या रूपाने देतात. ते काम कंत्राटाच्या अटींत लिहून घेतले पाहिजे.

अपडेटमुळेही कामे बिघडतात, हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले, विमानतळे आणि रुग्णालये खोळंबली. ते ब्राउझरचे अपडेट नव्हते, परंतु लोकांच्या मनात हा फरक राहत नाही. ज्या कार्यालयांना वरचेवर बदल परवडत नाहीत, त्यांच्यासाठी फायरफॉक्सची दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती आहे आणि क्रोमचीही आठ आठवड्यांनी बदलणारी आवृत्ती आहे. त्यांत दिसण्यातले बदल उशिरा येतात, पण सुरक्षा दुरुस्त्या येत राहतात. म्हणजे थांबायचेच असेल तर नव्या सोयींसाठी थांबता येते, दुरुस्तीसाठी थांबण्याचे कारण उरत नाही.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे, नाहीतर या पत्राचाच गैरफायदा घेतला जाईल. ‘तुमचा क्रोम जुना झाला आहे, इथे दाबा’ असे सांगणारी खोटी पाने हा फसवणुकीचा जुना आणि आजही चालणारा मार्ग आहे. खरे अपडेट कोणत्याही संकेतस्थळावरून, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलमधून किंवा फोन करणाऱ्या ‘साहेबां’कडून येत नाही. संगणकावर उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर जाऊन ‘मदत’ आणि त्यातील ‘गुगल क्रोमविषयी’ हे पान उघडले की ब्राउझर स्वतःच नवी आवृत्ती शोधतो आणि पुन्हा सुरू करण्याचे बटण दाखवतो. फायरफॉक्स आणि एजमध्येही अशीच सोय आहे. बटण दाबल्यावर साधे टॅब परत उघडतात, गुप्त (इनकॉग्निटो) खिडकीतील मात्र उघडत नाहीत. फसवणूक झालीच, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, आणि तो जितक्या लवकर फिरवाल तितकी पैसे अडकवून ठेवण्याची शक्यता अधिक.

खेड्यापाड्यातील बहुतांश फसवणूक ओटीपी सांगण्यातून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले अ‍ॅप टाकण्यातून होते, ब्राउझरच्या त्रुटीतून नव्हे, हे मला मान्य आहे आणि त्याविषयी जागृती झालीच पाहिजे. परंतु जो माणूस स्वतःच्या नव्हे, तर दहा गावांच्या कागदपत्रांवर बसलेला आहे, त्याच्या बाबतीत मी ब्राउझरची दुरुस्ती पहिल्या क्रमांकावर ठेवीन.

शासनाच्या पातळीवर इशारे दिले जात नाहीत असे नाही. २००४ पासून कार्यरत असलेली सर्ट-इन ही केंद्रीय सायबर सुरक्षा संस्था क्रोम, एज, फायरफॉक्समधील गंभीर त्रुटींबाबत वेळोवेळी सूचना काढते. त्या तांत्रिक इंग्रजीत असतात आणि तालुक्यापर्यंत त्या कोणी मराठीत आणून पोहोचवत नाही. जानेवारी २०१० मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररमधील त्रुटीतून गुगलसह अनेक कंपन्यांवर हल्ला झाल्याचे उघड झाले, तेव्हा जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा संस्थांनी दुरुस्ती येईपर्यंत तो ब्राउझर वापरू नका, असे थेट आपल्या नागरिकांना सांगितले होते, आणि मायक्रोसॉफ्टला आपल्या मासिक वेळापत्रकाची वाट न पाहता २१ जानेवारीलाच दुरुस्ती द्यावी लागली होती. अमेरिकेने नोव्हेंबर २०२१ पासून, हल्ल्यांत प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या त्रुटींची यादी जाहीर करून, त्या ठरावीक तारखेच्या आत बुजवणे आपल्या केंद्रीय कार्यालयांना बंधनकारक केले आहे. आपल्याकडे सेवा केंद्राची तपासणी होते तेव्हा दरपत्रक लावले आहे का, फलक आहे का, पावती देतात का, हे पाहिले जाते आणि ते पाहिलेच पाहिजे. त्याच तपासणीत ब्राउझरची आवृत्ती आणि विंडोजची आवृत्ती लिहिण्याच्या दोन ओळी वाढवाव्यात, अशी मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या प्रशासनाला माझी विनंती आहे. त्याला निधी लागत नाही, निविदा लागत नाही, दोन मिनिटे लागतात. सोबत दुपारी पंधरा मिनिटांचा अधिकृत विराम द्यावा, ज्यात ब्राउझर बंद करून उघडता येईल आणि रांगेतील कोणी त्याबद्दल केंद्रचालकाला बोलणार नाही.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. सोयाबीन, तूर, कापूस यांचे मोंढ्यातील भाव आपण रोज छापता आणि शेतकरी ते पान आधी उघडतो. त्याच पानावर आठवड्यातून एकदा चार ओळींची चौकट द्यावी: या आठवड्यात क्रोम, एज आणि फायरफॉक्सची सर्वांत नवी आवृत्ती कोणती, आणि हल्ल्यात वापरली जाणारी एखादी त्रुटी बुजवली गेली असल्यास तसा उल्लेख. केंद्रचालक आपल्या पडद्यावरचा आकडा त्या आकड्याशी ताडून पाहील, एवढाच त्याचा उपयोग. मजकूर मी दर आठवड्याला कंपन्यांच्या अधिकृत घोषणांवरून तपासून, विनामूल्य, आपल्या जिल्हा कार्यालयात आणून देईन.

वर ज्याचा प्रसंग सांगितला, त्या केंद्रचालकाचा आयडी अकरा दिवसांनी पुन्हा सुरू झाला, पण तोपर्यंत विम्याची मुदत संपली होती. त्याच्या गावातील लोकांनी सतरा किलोमीटरवरच्या केंद्रात जाऊन अर्ज भरले, आणि ज्यांना जाणे जमले नाही त्यांचे राहून गेले. यंदाचा खरीप तोंडावर आला आहे. तपासणीचा निर्णय व्हायचा असेल, तर तो पेरणीच्या आधी व्हावा.

कळावे,
आपला नम्र,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
जि. परभणी